आठवणीतले चिमणराव : एका विनोदी मालिकेचे स्मरण आणि समीक्षेची जबाबदारी

प्रास्ताविक

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात या केंद्रावरून 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही विनोदी मालिका प्रक्षेपित झाली. चिं. वि. जोशी यांच्या कथांवर ती आधारलेली होती. निर्मिती विजया जोगळेकर-धुमाळे यांची होती. दिलीप प्रभावळकर चिमणरावांच्या, बाळ कर्वे गुंड्याभाऊंच्या आणि स्मिता पॉवर काऊच्या भूमिकेत होत्या. या घटनेला आता जवळजवळ अर्धे शतक लोटले आहे. तरीही शिक्षक-कक्षात, लग्नकार्यात किंवा ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जुन्या दूरदर्शनचा विषय निघाला की या मालिकेचे नाव हमखास पुढे येते. एकाने एक आठवण सांगावी, दुसऱ्याने तिला पुस्ती जोडावी, तिसऱ्याने एखादा तपशील दुरुस्त करावा आणि सगळ्यांनी मिळून हसावे, असा हा प्रकार असतो.

मराठी समीक्षेने या गप्पांची फारशी दखल घेतलेली नाही. त्या निव्वळ स्मरणरंजन आहेत, असे मानून त्यांना बाजूला ठेवले जाते. परंतु ही मालिका आरंभापासून अखेरपर्यंत सलग पाहण्याची सोय आज सामान्य अभ्यासकास नाही. जेथे मूळ कृती हाताशी नसते, तेथे तिची आठवण हीच हळूहळू कृतीची जागा घेते. म्हणून ही आठवण काय जपते आणि काय गाळते, हे तपासणे आवश्यक ठरते. या आठवणी मोलाच्या आहेत. मात्र त्या मालिकेतील माया जपतात आणि चिं. विं.च्या विनोदातील उपहास विसरतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

आठवणींचे तीन थर

चाहत्यांच्या बोलण्यात आठवणींचे तीन थर दिसतात. पहिला थर घरगुती आठवणींचा. दूरदर्शन संच कोणाच्या घरी होता, किती माणसे दाटीवाटीने बसत, बाहेर चपलांचा ढीग कसा पडे, अँटेना फिरवायला गच्चीवर कोण जाई, हे लोक तपशीलवार सांगतात. दुसरा थर नटांच्या आठवणींचा. प्रभावळकरांचा गोंधळलेला चेहरा, कर्वे यांची धिप्पाड ठेवण आणि हातातला सोटा, ही चित्रे लोकांच्या मनात पक्की बसली आहेत. तिसरा थर मजकुराचा, म्हणजे अमुक भागात नेमके काय घडले याचा. हा थर सर्वांत विरळ आहे. 'एकदा काय गंमत होते,' असे म्हणून सुरू झालेले कथन बहुधा अर्ध्यावर थांबते आणि सांगणारा पुन्हा नटाच्या चेहऱ्याकडे वळतो.

यात दोष देण्यासारखे काही नाही. स्मरणाचा तो स्वभावच आहे. परंतु समीक्षकाने एक भान ठेवावयास हवे. पहिला थर संचासमोर बसलेल्या मंडळींचा इतिहास सांगतो, दुसरा अभिनयाचा. मालिकेच्या आशयाविषयी जे काही सांगता येईल ते तिसऱ्या थरातच आहे आणि नेमका तोच क्षीण आहे. 'किती निर्मळ विनोद होता तो' हा जो अभिप्राय सर्वत्र ऐकू येतो, तो पहिल्या दोन थरांवर उभा असून तिसऱ्याविषयी दिलेला असतो.

शिवाय या आठवणींत अनेक चिमणराव एकमेकांत मिसळलेले असतात. पुस्तकातले चिमणराव वेगळे. मास्टर विनायक यांच्या 'लग्न पाहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटांतील दामुअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग ही जोडी वेगळी. पुढे प्रभावळकर-कर्वे यांना घेऊनही चित्रपट निघाला. त्यामुळे 'मी हे दूरदर्शनवर पाहिले' असे मनापासून सांगणाऱ्याने ते प्रत्यक्षात शालेय वयात वाचलेले असू शकते. एक साधी कसोटी येथे उपयोगी पडते. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले. त्याआधीच्या या मालिकेतील एखाद्या वस्त्राचा रंग कोणी खात्रीने सांगू लागला, तर ती आठवण त्या पडद्यावरची नाही, हे उघड आहे.

'अवघा महाराष्ट्र' म्हणजे कोण?

'तेव्हा अवघा महाराष्ट्र ही मालिका पाहत असे' हे विधान चाहत्यांच्या बैठकीत नेहमी ऐकू येते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. १९७०च्या दशकात मुंबई केंद्राचे प्रक्षेपण प्रामुख्याने मुंबई-पुणे पट्ट्यापुरते होते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेडोपाडी दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा जो प्रयोग झाला, त्यातील सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथे घरोघरी दूरदर्शन दिसू लागले ते १९८०च्या दशकात. ज्या पट्ट्यात ते दिसत होते, तेथेही संच विकत घेणे मोजक्याच कुटुंबांना परवडणारे होते.

हा मुद्दा केवळ भूगोलाचा नाही. ज्यांनी ही मालिका पाहिली, त्यांत नोकरदार, शिक्षित, शहरी मध्यमवर्गाचा भरणा होता. चिमणरावही त्याच वर्गाचे. म्हणजे हा वर्ग स्वतःचेच पूर्वरूप पडद्यावर पाहत होता आणि स्वतःच्याच दिवाणखान्यात हसत होता. त्याच वर्गाने पुढे त्या हसण्याच्या आठवणी लिहिल्या, सांगितल्या आणि त्यांना 'मराठी माणसाच्या आठवणी' असे नाव पडले. लातूर किंवा गोंदियाच्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या, त्या पिढीतल्या प्राध्यापकाला या आठवणींत आपला वाटा सापडत नाही, याचे कारण त्याची रसिकता कमी आहे हे नव्हे. त्याच्या गावी प्रक्षेपणच पोहोचत नव्हते. विनोदाचा इतिहास लिहिताना ही मर्यादा स्पष्टपणे नोंदविली नाही, तर एका पट्ट्याचे बालपण सगळ्या भाषेचे बालपण म्हणून रूढ होते.

निवेदक चिमणराव आणि पडद्यावरचे चिमणराव

'चिमणरावांचे चऱ्हाट'मधील कथा चिमणराव स्वतः सांगतात. चिं. विं.च्या विनोदाचे मर्म या प्रथमपुरुषी निवेदनात आहे. चिमणराव आपली फजिती अत्यंत गंभीरपणे, जणू काही एखादा अहवाल सादर करावा तशी कथन करतात. आपण भित्रे आहोत, मोठेपणाला भुलतो, लोकलाजेपुढे वाकतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. वाचकाच्या मात्र येते. निवेदकाला जे कळत नाही ते वाचकाला कळणे, या फटीतून हसू निर्माण होते. पालीचे अध्यापक असलेल्या, जातककथांत रमलेल्या या लेखकाला माणसाच्या मोहाकडे शांतपणे पाहण्याची सवय होती आणि ती या निवेदनात उतरली आहे.

पडद्यावर हे निवेदन तसेच्या तसे येऊ शकत नाही. कॅमेरा चिमणरावांना बाहेरून पाहतो. पुस्तकात आपण चिमणरावांच्या डोळ्यांनी जगाकडे पाहतो. पडद्यावर जगाबरोबर चिमणरावांकडे पाहतो. या बदलामुळे सारा भार नटाच्या मुद्रेवर येतो. प्रभावळकरांनी आपल्या बारीक अंगयष्टीतून आणि ओशाळ्या चेहऱ्यातून निवेदकाच्या भाबडेपणाला दृश्यरूप दिले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. चाहत्यांना चेहरा आठवतो तो यामुळेच. परंतु बाहेरून पाहिलेला भाबडा माणूस आपल्याला लळा लावतो, तर आतून ऐकलेला भाबडा माणूस आपल्यालाच आरसा दाखवितो. पहिल्याची आठवण गोड होते. दुसऱ्याची थोडी बोचते. माध्यमांतरात जो कल झाला, तो आठवणीने आणखी पुढे नेला.

वरसंशोधनाचे हसू

चिं. विं.च्या कथाविश्वातील आणि 'लग्न पाहावे करून'मधील एक ठळक प्रसंगमालिका म्हणजे चिमणरावांच्या बहिणीसाठी, चिंगीसाठी, चाललेले वरसंशोधन. चिमणराव आणि गुंड्याभाऊ स्थळे पाहत हिंडतात, प्रत्येक ठिकाणी काही तरी विपरीत घडते आणि आपण हसतो. ही गंमत सांगताना चाहत्यांचे डोळे लकाकतात. पण या गमतीच्या तळाशी काय आहे? एका मुलीला उजविण्यासाठी भावाने दारोदार फिरणे, वरपक्षाची मिजास, हुंड्याची बोलणी आणि आपण या व्यवहारात सामील आहोत याचा निवेदकाला पत्ताही नसणे. पांढरपेशा घरातील एक दुःख विनोदाच्या वाटेने तेथे उघडे केले आहे.

येथे कालखंड ध्यानात घ्यावा लागतो. या कथा स्वातंत्र्यपूर्व काळातील. मालिका १९७०च्या दशकातील. मध्यंतरी १९६१ साली हुंडाप्रतिबंधक कायदा झाला होता, पण प्रथा संपली नव्हती. म्हणजे चिं. विं.च्या कथांवरील मालिका पाहायला जमलेल्या घरांतच मुलींच्या लग्नाची बोलणी चालू असण्याचा पुरेपूर संभव होता. अशा वेळी 'ते जुने दिवस' म्हणून हसणे सोपे असते आणि 'हे आपलेच' म्हणून हसणे कठीण. चाहत्यांच्या स्मरणाने सोपा मार्ग पत्करला. 'निर्मळ विनोद' हे विशेषण लेखकाच्या गौरवासाठी वापरले जात असले, तरी त्याने लेखकाचे नुकसान केले आहे. चिं. विं.चा विनोद सभ्य आहे, निर्विष आहे. पण तो निरुपद्रवी नाही.

तपशिलांचा छंद आणि त्याचे मोल

वरील विवेचनाचा अर्थ चाहत्यांचा छंद निरर्थक आहे असा नव्हे. 'ही मराठीतील पहिलीच मालिका' या नेहमीच्या विधानाचे उदाहरण घेता येईल. हे विधान खरे की खोटे हे ठरविण्यापूर्वी 'मालिका' कशाला म्हणावे, हे ठरवावे लागते. तीच पात्रे दर वेळी नव्या स्वतंत्र कथेत येणे आणि एकच कथा भागाभागांतून पुढे सरकणे, हे दोन भिन्न रचनाप्रकार आहेत. चाहत्यांचा वाद अशा रीतीने अभ्यासकाला व्याख्येच्या प्रश्नापर्यंत नेतो.

चाहत्यांची चिकाटी कृतीला पुन्हा हाताशी आणू शकते, याचे उदाहरण इंग्लंडमध्ये सापडते. चित्रफीत महाग असल्याने ती पुसून पुन्हा वापरणे ही त्या काळी अनेक देशांत रूढ पद्धत होती. बीबीसीची 'डॅड्स आर्मी' ही विनोदी मालिका १९६८ ते १९७७ या काळात ८० भागांत प्रक्षेपित झाली. १९६९च्या दुसऱ्या पर्वातील काही भाग असेच नष्ट झाले. त्यांपैकी दोन भागांच्या खाजगीरीत्या जपलेल्या प्रती २००१ मध्ये हाती आल्या. उरलेले तीन भाग अद्याप सापडलेले नाहीत. परंतु संहिता शिल्लक होत्या, म्हणून २०१९ मध्ये नव्या नटांना घेऊन ते पुन्हा चित्रित करण्यात आले. तेथील चाहत्यांनी 'काय छान होते' एवढ्यावर न थांबता कोणता भाग, कोणत्या दिवशी, कोणाकडे, याचा पाठपुरावा केला. गप्पा आणि दस्तऐवज यांतील अंतर एवढेच असते.

आपल्या बैठकीत नटांची नावे तोंडपाठ असतात. निर्मातीचे नाव क्वचितच निघते. एका स्त्रीने नव्या माध्यमात, तुटपुंज्या साधनांनिशी एका अभिजात विनोदकाराला पडद्यावर आणले, ही गोष्ट कोणत्याही गमतीदार किश्श्यापेक्षा मोठी आहे. ती विस्मरणात जाणे हे तिसरा थर क्षीण असल्याचेच आणखी एक लक्षण होय.

निष्कर्ष

१. चाहत्यांच्या आठवणी हे विनोदाच्या इतिहासाचे साधन आहे. मात्र ती साक्ष आहे, निकाल नव्हे. तिची उलटतपासणी आवश्यक आहे.

२. या आठवणी मुख्यतः मुंबई-पुणे पट्ट्यातील शहरी मध्यमवर्गाच्या आहेत. त्यांना सबंध महाराष्ट्राचे प्रातिनिधिकत्व देता येत नाही.

३. प्रथमपुरुषी निवेदनाकडून कॅमेऱ्याकडे येताना चिं. विं.च्या उपहासाची धार बदलली आणि स्मरणात ती आणखी बोथट झाली.

४. आठवण विचारताना 'काय आवडले?' याऐवजी 'कोठे पाहिले, नेमके काय पाहिले आणि कशाला हसलात?' हे तीन प्रश्न विचारल्यास तिसरा थर समृद्ध होऊ शकेल.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. बाळ कर्वे २०२५ मध्ये आपल्यातून गेले. ज्यांनी ती मालिका घडविली आणि ज्यांनी ती दाटीवाटीने बसून पाहिली, ती पिढी आता थकत चालली आहे. महाविद्यालयांतील मराठी, इतिहास व समाजशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील ज्येष्ठांकडून या साक्षी आताच नोंदवून घेतल्या, तर पुढील अभ्यासकाला चिमणरावांचा चेहरा तर मिळेलच. शिवाय त्या चेहऱ्याकडे पाहून आपण कशाला हसत होतो, हेही कळेल. आणि ज्यांच्या हाती कोणतीच चित्रफीत नाही, त्यांनी 'चऱ्हाट' पुन्हा उघडावे. चिमणरावांचे तोंडून ऐकलेले म्हणणे तेथे अजून तसेच आहे.