काचेच्या कॅबिनेटमधली रोषणाई

मागच्या वर्षी सोलापूरच्या घरी धाकट्यासाठी पीसी जोडला. तो ॲनिमेशन शिकतोय, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावर पैसे जाणार हे ठरलेलंच होतं. भांडण झालं ते पंख्यांवरून. मला साधे काळे पंखे हवे होते, त्याला दिव्यांचे. "दादा, मग काचेचं कॅबिनेट घेऊन उपयोग काय?" हा मुद्दा बिनतोड होता. दिव्यांचे घेतले. मशीन चालू झालं तेव्हा पप्पा बघायला आले. त्यांची हयात वायरमनच्या कामात गेली आणि गल्लीतल्या मंडळाची लायटिंग कितीतरी वर्षं त्यांच्याकडेच होती. दोन मिनिटं टक लावून बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. ह्याचं बटन कुठाय?"

बटण नव्हतं. सॉफ्टवेअर होतं, आणि त्याला आधी ईमेल आयडी हवा होता.

सिनेमाची, पुस्तकाची समीक्षा होते तशी या वस्तूची व्हायला काय हरकत आहे, असं मला तेव्हापासून वाटतंय. कारण पीसीतला पंखा आणि त्याच पंख्यावरचा दिवा हे दोन वेगळ्या विचारांनी घडलेले आहेत, आणि ते काचेआड शेजारी शेजारी बसलेले असतात.

आधी पंखा. जुन्या पंख्याला तीन तारा असायच्या: एक ग्राउंड, एक १२ व्होल्टची आणि तिसरी पंख्याकडून परत येणारी. वेग कमी करायचा तर व्होल्टेज कमी करायचं. घरच्या सीलिंग फॅनचा तो जुना, डबड्यासारखा रेग्युलेटर साधारण हेच करायचा. अडचण अशी की व्होल्टेज फार उतरवलं की पंखा सुरूच होत नाही. मग चौथी तार आली. हिच्यावरून पंख्याला सतत चालू-बंद, चालू-बंद असा इशारा जातो, सेकंदाला २५ हजार वेळा. त्यातला किती टक्के वेळ 'चालू' यावर वेग ठरतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. २५ हजारच का, तर माणसाच्या कानाला साधारण २० हजारांच्या वरचं ऐकू येत नाही, म्हणून. इंटेलने या चार तारांचं स्पेसिफिकेशन काढलं, त्याची १.३ ही आवृत्ती सप्टेंबर २००५ ची आहे. छोटासा, कंटाळवाणा दस्तऐवज. पण त्याच्यामुळे आज कुठल्याही कंपनीचा चार पिनांचा पंखा कुठल्याही मदरबोर्डावर लावा, फिरतो.

मला सगळ्यात आवडते ती परत येणारी तार. पंखा एका फेऱ्यात दोन ठोके देतो. सेकंदाला ४० ठोके आले म्हणजे मिनिटाला १२०० फेरे. मदरबोर्ड सांगतो 'फिर', आणि पंखा कळवतो की मी एवढा फिरतोय. तो अडकला, त्याच्यात वायर घुसली, तर ठोके थांबतात आणि मदरबोर्डाला कळतं. किती तापमानाला किती वेग, हा आलेखही बायॉसमध्येच साठवता येतो. विंडोज असो, लिनक्स असो, इंटरनेट असो नसो, पंख्याला फरक पडत नाही.

(यातही खोट आहे, ती लपवत नाही. मदरबोर्डाला बहुतेक वेळा प्रोसेसरचं तापमान कळतं, ग्राफिक्स कार्डाचं नाही. त्यामुळे कार्ड तापून लाल झालेलं असताना कॅबिनेटचे पंखे निवांत असू शकतात. आणि आजचे प्रोसेसर ब्राउझरचा एक टॅब उघडला तरी क्षणभर उसळतात, मग पंखेही उगाच भोंगा वाजवल्यासारखे वरखाली होतात. बायॉसमध्ये थोडा उशीर लावून द्यावा, शांत होतात.)

आता दिवा. इथे दोन जाती आहेत. चार पिनांची १२ व्होल्टची, जिच्यात सगळे दिवे एकाच रंगाचे होतात; आणि तीन पिनांची ५ व्होल्टची, जिच्यात प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो. दुसरीचा दिवा पहिलीच्या पिनांवर खोचला की जळतो. दुसरीचं तंत्र मात्र देखणं आहे. पंगतीत पत्रावळींचा गठ्ठा सरकवतात तसं: पहिला दिवा आपले २४ बिट काढून घेतो, उरलेला गठ्ठा पुढच्याला देतो, तो आपले घेऊन त्याच्या पुढच्याला. एकाच तारेवर सगळी पंगत वाढून होते. २४ बिट म्हणजे प्रत्येक दिव्यासाठी सुमारे १ कोटी ६८ लाख रंगांची निवड. एवढ्या निवडीतून उद्योगाने आपल्याला काय दिलं? गोल फिरणारं इंद्रधनुष्य. कुठल्याही दुकानात जा, कुठल्याही मित्राचा सेटअप बघा, तेच इंद्रधनुष्य त्याच दिशेने फिरत असतं.

या दिव्यांचा इतिहास असा सपाट नाही. २००० च्या आसपास हौशी लोक पत्र्याच्या कॅबिनेटला स्वतः करवतीने खिडकी पाडायचे, आत कोल्ड कॅथोडच्या नळ्या बसवायचे. त्यातला उजेड ओबडधोबड होता, पण त्यात हात दिसायचा. आमच्या इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला ५५५ आणि ४०१७ या दोन चिपांवर पळते दिवे करायचं प्रॅक्टिकल होतं. दहा एलईडी, एक नॉब, नॉब फिरवला की वेग बदलतो. पप्पांच्या मंडळातल्या डब्यालाही नॉबच होता. तो फिरवायला सगळ्या गल्लीतली पोरं भांडायची.

आजच्या दिव्याचा नॉब कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रत्येक मदरबोर्ड कंपनीचं वेगळं, पंख्यांच्या कंपनीचं वेगळं, रॅमवरच्या दिव्यांचं आणखी वेगळं. आणि मला ज्याचा खरा राग आहे तो मुद्दा पुढे आहे. दिव्यांच्या पंख्याला दोन केबली लागतात, एक फिरण्याची आणि एक उजेडाची. तीन पंख्यांच्या सहा. हा गुंता खरोखर वैताग आणतो. म्हणून कंपन्यांनी तोडगा काढला: पंखे एकमेकांना चिकटतात, एकच केबल निघते, ती कंपनीच्या हबमध्ये जाते आणि हब यूएसबीने मदरबोर्डाला जोडला जातो. दिसायला सुरेख. मीही त्यालाच भुललो. पण यात दिव्याबरोबर पंख्याचीही केबल हबमध्ये गेली. जो पंखा वीस वर्षं सगळ्यांना कळणाऱ्या भाषेत मदरबोर्डाशी बोलत होता तो आता फक्त आपल्या मालकाच्या सॉफ्टवेअरशी बोलतो. पिनही त्यांची, बोलीही त्यांची.

मे महिन्यात याची किंमत कळली. सोलापुरात पारा ४२ च्या पुढे, धाकट्याच्या सेमिस्टरच्या फिल्मचं रेंडर रात्रभर लावलेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी सबमिशन. संध्याकाळी त्या सॉफ्टवेअरने स्वतःला अपडेट केलं आणि पुन्हा लॉगिन मागितलं. ती खिडकी रेंडरच्या मागे दडली. लॉगिन होईपर्यंत हबने पंखे सगळ्यात कमी वेगावर ठेवले. कॅबिनेटमधली गरम हवा आतच राहिली, कार्डाने स्वतःला वाचवायला वेग उतरवला. मदरबोर्डाला पत्ता नाही, कारण पंख्यांचे ठोके त्याच्याकडे येतच नव्हते. आणि दिवे? दिवे मजेत फिरत होते. हबमध्ये साठवलेलं इंद्रधनुष्य चालू होतं, त्यामुळे मशीन ठणठणीत दिसत होतं.

रात्री एकला त्याचा फोन आला. "दादा, फ्रेम फार हळू निघतायत. माझाच सीन जड झाला असणार." मीही पुण्यातून तेच गृहीत धरलं. त्याने आधी पाऊस काढून टाकला, मग झाडांच्या सावल्या. दोन महिने खपून केलेला पाऊस होता तो. सबमिट झाली ती बिनपावसाची फिल्म, तीही अर्धवट.

यंत्रावरचा दिवा ही मूळची बातमी देणारी गोष्ट आहे. मिक्सरचा, इन्व्हर्टरचा, गीझरचा दिवा काहीतरी सांगतो. पीसीतल्या दिव्याकडे कोटीभर रंग असून तो काहीच सांगत नाही, उलट त्या रात्री त्याने सगळं ठीक असल्याचा आव आणला. त्याला पंख्यासारखी परतीची तार नाही हे तांत्रिक कारण झालं. पण कार्डाचं तापमान त्याच मशीनमध्ये, त्याच क्षणी उपलब्ध होतं. ते दिव्यापर्यंत नेणं अवघड नव्हतं. न मागता मिळालं ते इंद्रधनुष्य, कारण दुकानात तेच विकलं जातं.

बाहेर पडायच्या वाटा आहेत. ओपनआरजीबी हा मुक्त प्रकल्प वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे एकाच ठिकाणून चालवतो. लोकांनी कंपन्यांच्या बोली उलट्या बाजूने उकलून तो उभा केलाय. विंडोज ११ मध्ये २०२३ साली डायनॅमिक लायटिंग आलं, म्हणजे दिव्यांसाठी सामायिक भाषा निदान सुरू झाली, पंख्यानंतर अठरा वर्षांनी. सगळं गोड नाही. पंखे आणि दिवे चालवणारी बरीच सॉफ्टवेअरं विनरिंगझिरो नावाच्या जुन्या ड्रायव्हरवर विसंबून होती. हा ड्रायव्हर सिस्टिमच्या थेट गाभ्यात हात घालतो आणि २०२० मध्येच त्यातली सुरक्षेची त्रुटी नोंदवली गेली होती. रंग बदलण्यासाठी घराची किल्ली देण्यातला प्रकार.

जूनमध्ये घरी गेलो तेव्हा हब काढला. ते पंखे दुसरीकडे लागतच नाहीत, त्यामुळे तेही काढावे लागले, पैसे बुडाले. तीन काळे, चार पिनांचे पंखे लावले, आलेख बायॉसमध्ये टाकला. धाकट्याचं तोंड पडलेलं बघून ५ व्होल्टची एक पट्टी आतून चिकटवली. ती ओपनआरजीबीवर चालते. त्याने दोन संध्याकाळी बसून पायथॉनची छोटी स्क्रिप्ट लिहिली: कार्ड थंड असेल तर पट्टी निळी, तापत गेलं की नारिंगी, रेंडर संपलं की हिरवी. आता हॉलमध्ये चहा पिता पिता पप्पा आतल्या खोलीकडे बघून हाक मारतात, "अरे, झालं बघ तुझं."

गणपतीत त्याने पुन्हा इंद्रधनुष्य लावलं. पप्पांचं म्हणणं, स्पीड जरा कमी कर.