दारातली सनई

उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांच्यावरील लेखनात एक वाक्य हमखास येते : त्यांनी शहनाई लग्नमांडवातून मैफलीत नेली. वाक्य खोटे नाही. ख्यालाच्या अंगाने या वाद्यावर राग किती फुलवता येतो, हे त्यांनी दाखवले. २००१ साली भारतरत्नही मिळाले. पण या गौरवात एक निवाडा दडलेला आहे. मांडवात वाजत होते ते कलेच्या अलीकडचे, असे आपण नकळत मान्य करतो.

हा निवाडा तपासायला हवा. आपल्याकडे मंगलाष्टके चालू असताना वाजंत्री हात आवरून बोहल्याकडे डोळे लावून असतात. अंतरपाट दूर होताच सनई-चौघड्याने एकदम उठायचे. तमिळ लग्नात ताली बांधताना हेच काम ‘गेट्टी मेळम्’ करते. खूण होताच नागस्वरम आणि तविल द्रुत लयीत कडाडतात. शिंकेसारखा अशुभ मानलेला आवाज त्यात बुडून जावा, ही त्यामागची समजूत. चालू राग, चालू आवर्तन तिथेच सोडावे लागते. मैफलीचा कलावंत स्वतःच्या वेळेचा धनी असतो. हा वादक दुसऱ्याच्या मुहूर्तात राग उभा करतो. हे कौशल्य उणे कसे? तोडीच्या आलापीसाठी अजूनही आठवले जाणारे टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) नागस्वरमच्या याच परंपरेतले होते.

खुद्द खाँसाहेबांनीही प्रसंगाशी असलेले हे नाते सोडले नाही. मोहरमच्या आठव्या दिवशी ते बनारसच्या रस्त्यांतून पायी चालत शहनाईवर नौहा वाजवत; त्या दिवशी रागदारी वर्ज्य. एरवी लग्नाचे मानले जाणारे वाद्य त्या दिवशी शोकाचे होई. म्हणजे मांगल्य शहनाईच्या लाकडात नाही. समोरच्या प्रसंगाला वादक काय उत्तर देतो, त्यावर ते ठरते.

आज कार्यालयात सनईची ध्वनिफीत लावतात. वादक नामवंत, सूर निर्दोष. पण त्या फितीला बोहले दिसत नाही. अंतरपाट दूर होतो, तेव्हा ती आपल्याच विलंबित लयीत असते. मैफलीने सनईला मान दिला खरा, पण तिचे दारातले काम मात्र आपण यंत्राकडे सोपवले.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ सनईने करण्याची प्रथा आहे. मंच मिळाला, तरी तिच्याकडून दार उघडण्याचेच काम आपण मागतो. त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त त्या वेळी आपण जागेवर बसून ऐकत असावे, एवढेच.