इशारा कुणाला उद्देशून?

आज आपल्याला टीका करायची आहे ती एका ग्रंथावर नव्हे, एका वाक्यावर. ‘पुणे जिल्ह्यात घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाची शक्यता’, या धर्तीचे वाक्य पावसाळ्यात आपण रोज ऐकतो. ते चुकीचे असते असे आमचे म्हणणे नाही. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून ज्या शहरात आले, जिथे त्या इमारतीला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, आणि पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, त्या पुण्याला विज्ञान कमी पडते असे कोण म्हणेल? आमचा प्रश्न निराळा आहे. हे वाक्य कुणाशी बोलते?

आधी शब्द बघू. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे बोलीत ‘कुठे कुठे, फार नाही’. हवामानशास्त्रात त्याचा अर्थ, त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. ‘अतिमुसळधार’ म्हणजे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर. शास्त्राला वाक्य नेमके आहे. पण ऐकणारा ‘तुरळक’ ऐकून निर्धास्त होतो. ज्या पाव भागात त्याचे घर आहे, तिथे मात्र काहीच तुरळक नसते.

वाक्याचा बोध व्हायला आपल्या नैयायिकांनी तीन अटी सांगितल्या: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. त्या अटी शब्दांविषयीच्या आहेत, आम्ही त्या थोड्या ताणून इशाऱ्याला लावतो आहोत. पण लावून बघा, बरेच काही दिसते.

आकांक्षा म्हणजे एका पदाने दुसऱ्याची वाट बघणे. ‘पाऊस येईल’ हे माहिती म्हणून पुरे. इशारा म्हणून ते अर्धेच आहे, कारण ‘मग मी काय करू?’ हा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. पिवळा, नारिंगी, लाल असे रंग आले, पण रंग जिल्ह्याला लागतो. कात्रजच्या उतारावरची वस्ती आणि प्रभात रोडवरचा तिसरा मजला, दोघांनाही तोच नारिंगी.

संनिधी म्हणजे पदे लागोपाठ उच्चारली जाणे. सकाळी एक शब्द आणि संध्याकाळी दुसरा, अशाने वाक्य होत नाही. आता २५ जुलै २०२४ ची पहाट आठवा. खडकवासल्याचा विसर्ग ३५,००० क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. आम्हाला आधी कुणी सांगितलेच नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. पाऊस हवामान खाते मिलिमीटरमध्ये सांगते, विसर्ग जलसंपदा विभाग क्युसेकमध्ये सांगतो, आणि वस्ती महापालिकेच्या वॉर्डात असते. एकच वाक्य तीन कचेऱ्यांत तुटून पडलेले. पुणेकराचे स्वतःचे माप वेगळेच आहे: भिडे पूल बुडाला का? खरे तर चांगले माप आहे ते! इतक्या विसर्गाला भिडे पूल, इतक्याला पुलाची वाडी, इतक्याला एकतानगरी, असा साधा तक्ता त्या त्या गल्लीच्या तोंडाशी रंगवायला कितीसा खर्च येतो?

तिसरी अट योग्यता. ‘अग्नीने शिंपतो’ हे वाक्य व्याकरणात बसते, पण अग्नी आणि शिंपणे यांचा मेळ बसत नाही. ‘सुरक्षित स्थळी जा’ हे वाक्य, ज्याला तसे स्थळच नाही त्याच्यापुरते, अग्नीने शिंपण्यासारखेच आहे. त्याच पहाटे पुलाच्या वाडीत अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याला ‘तुम्ही निघा’ एवढे सांगून भागत नाही. गाडी कुठे न्यायची आणि वीज केव्हा बंद होणार, हेही इशाऱ्यातच यायला हवे.

याहून अवघड गोष्ट विश्वासाची. जाणतो तसेच सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, असे वात्स्यायन म्हणतो, मग तो ऋषी असो की म्लेच्छ. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, टांगेवाला कॉलनीत भिंत पडली. शहरात आणि आसपास त्या रात्री वीसहून अधिक माणसे गेली. पुढे जून २०२१ मध्ये, ऐन पावसाळ्यात आणि साथीच्या काळात, दांडेकर पुलाजवळची ओढ्याकाठची घरे पाडायला सुरुवात झाली. न्यायालयाची स्थगिती आल्यावर ते थांबले. ज्या माहितीने जीव वाचायचा, तीच घर पाडायचे कारण होऊन आली, तर वस्ती तिला इशारा म्हणून ऐकेल की नोटीस म्हणून? नदीकाठी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा असते, शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. सोसायटीला ती बांधकाम-परवानगीचा मुद्दा वाटते, झोपडीला बुलडोझर. नकाशा एकच, ऐकणारे दोन.

कुणी म्हणेल, रडार वाढवा, अंदाज गल्लीपर्यंत न्या, प्रश्न सुटेल. रडार हवेच. पण १९७० चे चक्रीवादळ उपग्रहाला दिसले होते, तरी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन ते पाच लाख माणसे गेली. १९७२ पासून बांगलादेशात गावोगाव स्वयंसेवक भोंगे आणि झेंडे घेऊन उभे राहिले, हळूहळू निवारे बांधले गेले. १९९१ मध्ये पुन्हा लाखाहून अधिक माणसे गेली, म्हणजे हे काम एका रात्रीत झाले नाही. पण २०२० च्या अम्फानमध्ये तिथला आकडा शंभराच्या पुष्कळ आत राहिला. वादळ दिसण्याइतकेच, शेजारची ओळखीची बाई दारात येऊन ‘चला’ म्हणते आणि जायला पक्की जागा असते, याचे ते फळ आहे.

म्हणून आमची मागणी आहे ती वाक्य पुरे करण्याची. ओढ्याकाठच्या प्रत्येक वस्तीसाठी पावसाळ्याआधी चार गोष्टी ठरलेल्या असाव्यात: पाणी कुठवर येईल, निरोप कोण आणणार, कुठल्या शाळेचे कुलूप रात्री उघडणार, आणि सामानाचे व गाडीचे काय. त्या वस्तीतल्या बायकांना विचारून ठरवाव्यात, कारण पाणी कुठल्या पायरीवर आले की निघायला हवे हे त्यांना ठाऊक असते. आणि पाचवी गोष्ट लेखी असावी: पूर ओसरल्यावर घर परत मिळेल. ती नसेल तर पहिल्या चार ऐकूनही माणूस दारातून हलणार नाही, आणि त्याला अडाणी म्हणण्याचा आपल्याला अधिकार राहणार नाही.