संपत्ति आणि ऋण

रसायनशास्त्राचें १९२१ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे फ्रेडरिक सॉडी यांनीं १९२६ सालीं ‘संपत्ति, आभासी संपत्ति आणि ऋण’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हां अर्थशास्त्र्यांनीं त्याची फारशी दखल घेतली नाहीं. जंगलें, नद्या व हवामान यांची आज चाललेली नासाडी पाहतां तो पुन्हां वाचावा, असें आम्हांस वाटतें. ग्रंथकाराचा मुद्दा साधा आहे. धान्य किडतें, लोखंड गंजतें, घर पडतें. ऋण मात्र किडत नाहीं कीं गंजत नाहीं. शेंकडा पांच चक्रवाढीनें तें सुमारें १४ वर्षांत दुप्पट होतें. सूर्यापासून रोज मिळणारी शक्ति हें आपलें उत्पन्न आणि कोळसा ही शिल्लक, हा त्यांचा भेद तर फारच मार्मिक आहे. शिल्लक जाळून कोणता संसार टिकला आहे?

निदान इतकें अचूक असतां उपाय मात्र तोकडा पडला आहे. बँकांनीं ठेवींइतकी पूर्ण रोकड राखावी व नवें चलन राज्यानेंच काढावें, असें ते सुचवितात. यानें बँकांची चलन निर्मिण्याची सत्ता जाईल खरी. पण गांठचा रोख रुपया चक्रवाढीनें देणाऱ्या सावकाराचें येणें पूर्वीसारखेंच फुगत राहील, त्याची वाट काय? आमच्याकडील दामदुप्पटीच्या नियमानें एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नसे. ऋणाच्या वाढीलाच हद्द घालण्याची ही दृष्टि होती. सावकार नवीं खतें लिहवून तो नियम हुकवीत, ही गोष्ट निराळी.