‘विहीर’ : मागे राहिलेल्या मुलाचं काय?

घरातलं मूल गेलं की सगळे आईबापांकडे धावतात. ते बरोबरच आहे. पण त्याच घरात कोपऱ्यात बसलेल्या भावाशी, बहिणीशी, मित्राशी कोण बोलतं? उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ (२०१०) मला या प्रश्नासाठी महत्त्वाचा वाटतो.

समीर आणि नचिकेत नात्याने भाऊ, मनाने जिवलग मित्र. एकमेकांना पत्रं लिहिणारे. लग्नासाठी गावच्या घरी जमतात आणि नचिकेत विहिरीत बुडून जातो. यापुढे कॅमेरा समीरबरोबर राहतो. तो रडून मोकळा होत नाही. नचिकेत कुठेतरी लपलाय, शोधला तर सापडेल, असं त्याला वाटत राहतं. सिनेमा याला वेड ठरवत नाही, समीरला त्याचा वेळ देतो. ही त्याची खरी ताकद.

तक्रारही आहे. नचिकेत म्हणजे कठोपनिषदातला, यमाला प्रश्न विचारणारा मुलगा. त्या नावामागोमाग सिनेमा ‘मरण म्हणजे काय’ या मोठ्या प्रश्नाकडे झुकतो. मागे राहिलेल्या मुलाचे प्रश्न बरेचदा छोटे आणि भयंकर असतात : माझ्यामुळे झालं का? मीपण मरणार का? आई आता माझ्याकडे बघेल का?

हे प्रश्न गिरगाव-लालबागच्या चाळींतही अनुत्तरित राहतात. तिथे माणसांची कमी नसते. घरात चूल पेटत नाही तेव्हा शेजारून पिठलं-भात येतो. पण धाकट्याला शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर बसवतात. ‘दादा देवबाप्पाकडे गेला’ म्हणतात. मग तो विचारतो, ‘परत कधी येणार?’ परळच्या टाटा हॉस्पिटलात लांबून आलेल्या कुटुंबांचं आणखी अवघड. आजारी मुलासोबत आईबाप इथे आणि दुसरं मूल गावी आजीजवळ असेल, तर बातमी त्याला फोनवरून कळते, तीही अर्धवट.

‘मेला’ हा शब्द कठोर वाटतो, पण मुलाला तोच नीट कळतो. त्याचं शरीर बंद पडलं, तो परत येणार नाही, यात तुझी काही चूक नाही, एवढं सांगता येतं. ‘आता तूच आईबाबांचा आधार’ हे मात्र सांगू नये. ते ओझं त्याचं नाही.

‘विहीर’ बघाच. आणि ओळखीत असा कुणी समीर असेल, तर त्याच्याकडे त्याच्या नचिकेतचा विषय काढा. नाव घेऊन.