जॅकलच्या आधी फुरसे

थरारक कादंबरी मागणाऱ्याच्या हाती आपण फ्रेडरिक फोर्सिथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’ (१९७१) ठेवतो. द गॉल १९७०मध्ये घरीच वारले, हे ठाऊक असलेला वाचकही खोट्या पासपोर्टांच्या आणि बंदुकीच्या तयारीत गुंततो. कट फसणार हे माहीत, कसा ते नाही.

मी मात्र आधी ‘नो कमबॅक्स’ (१९८२) हा कथासंग्रह सुचवेन, त्यातही एडगर पुरस्कार मिळवणारी ‘देअर आर नो स्नेक्स इन आयर्लंड’. बेलफास्टला डॉक्टरकी शिकणारा, सुटीत पाडकामावर राबणारा रामलाल मुकादमाच्या हातून अपमानित होतो आणि सूडासाठी भारतातून फुरसे नेतो. कोकणातल्या वाचकाला फुरशाची ओळख करून द्यायला नको. खोलीत पडलेल्या दोरीत रामलालला साप दिसतो. आपल्या वेदान्तातला रज्जुसर्प इथे भ्रम न राहता संकेत होतो. देवीच्या कौलाचा भाग मला परक्या नजरेचा वाटतो, तो वाटतोच. पण जॅकलला शेकडो पाने लागणारी तयारी इथे थोडक्यात आटोपते, आणि मग साप रामलालच्या योजनेबाहेर जातो. पुढचे सांगत नाही. कथा संपली की शीर्षक तेवढे पुन्हा वाचा.