राजा परतला; फ्रोडोचे काय?

मोठ्या कादंबरीचा शेवटचा खंड हाती घेताना मला थोडी धास्तीच वाटते. आधीच्या खंडांत लेखकाने वाचकाचा विश्वास उसना घेतलेला असतो. तो आता फेडायचा असतो. पुष्कळदा लेखक लढाया जिंकून देतो आणि माणसांना विसरतो. जे. आर. आर. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या त्रिखंडी अद्भुतकथेचा अखेरचा खंड, १९५५ साली निघालेला 'द रिटर्न ऑफ द किंग', मला आवडतो तो तसे करीत नाही म्हणून.

कथा थोडक्यात अशी : जगावर सत्ता देणारी एक दुष्ट अंगठी आहे, ती जिथे घडली त्या ज्वालामुखीतच तिचा नाश होऊ शकतो. हे काम येते शायर नावाच्या शांत मुलखातल्या बुटक्या फ्रोडोकडे. सोबतीला त्याचा माळी सॅम. या खंडाच्या पूर्वार्धात सैन्ये झुंजतात आणि फ्रोडो दिसतच नाही. ही उणीव मला जाणवते. उत्तरार्धात मात्र ही जोडी तहानेने व्याकूळ होऊन राखेतून सरपटत निघते. शेवटी फ्रोडोला पाऊल उचलवत नाही, तेव्हा सॅम त्याला पाठुंगळीला घेतो.

आणि कड्यावर पोहोचल्यावर काय होते? फ्रोडो अंगठी टाकीत नाही. ती माझी आहे असे म्हणून बोटात घालतो! इतक्या खस्ता खाऊन नायक अखेरच्या पावलाला हरतो. अंगठीच्या मोहाने पिळवटलेला गॉलम त्याचे बोट चावून तोडतो, अंगठी मिळवतो आणि आनंदाच्या भरात तोल जाऊन आगीत कोसळतो. कोणी याला योगायोग म्हणेल. मी म्हणणार नाही. गॉलमला मारण्याची संधी असताना फ्रोडोने दया केली होती. थोड्याच वेळापूर्वी सॅमनेही उगारलेली तलवार आवरली होती. त्या दयेचे हे फळ.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा एका मुलाने विचारले, "गुरुजी, म्हणजे फ्रोडो नापास ना?" मी अडखळलो. आयुष्यभर मी उत्तराला गुण देत आलो आहे. रीतीला किती दिले?

विजयानंतरची प्रकरणे तर मला सर्वांत मोलाची वाटतात. घरी परतावे तो शायरची धूळधाण झालेली; झाडे तोडलेली. ती झाडे सॅम पुन्हा लावतो. फ्रोडोची जखम मात्र दर वर्षी त्याच तिथीला ठसठसते. कुरुक्षेत्रानंतर युधिष्ठिराला राज्य नकोसे झाले, त्याच जातीचे हे दुःख. टॉल्किन स्वतः १९१६ साली सॉमच्या रणांगणावर होता; परतलेल्या सैनिकाचे मन त्याला कोणी शिकवायला नको होते. अखेर फ्रोडो गलबतात बसून पश्चिमेला कायमचा निघून जातो.

दोष आहेत. राजाची वधू आर्वेन ओळख होण्याआधीच बोहल्यावर चढते. शत्रूच्या सेनापतीला लोळवणारी एओविन जिवंत उतरली आहे, पण तिचे मन फार झटपट वळते. दरबारी प्रसंगांत भाषा जरीची होते.

टॉल्किनला या खंडाचे नावही पसंत नव्हते. त्याने शेवट आधीच फुटतो, असे त्याचे म्हणणे. मला ते पटत नाही. राजा परततो हे नावावरून कळते. खरा शेवट सॅमच्या परतण्यात आहे. गलबत दिसेनासे झाल्यावर तो मुकाट्याने घरी येतो. आत दिवा आहे, जेवण तयार आहे. बायको त्याला खुर्चीत बसवते आणि तान्ही लेक मांडीवर देते. बस्स.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, "फ्रोडो नापास नाही रे. पेपरच एकट्याने सोडवायचा नव्हता."